गुणवत्तेची यादी आणि मतपेटी

महाराष्ट्रातल्या कोणत्याही वरिष्ठ महाविद्यालयाची प्रवेशाची पावती घेतली, तर शिक्षण शुल्काच्या खाली बारीक टाइपात दहा-बारा रकमा छापलेल्या दिसतात : जिमखाना, स्नेहसंमेलन, वार्षिक अंक, युवक महोत्सव, विद्यार्थी कल्याण निधी, ओळखपत्र आणि असेच आणखी काही. एकेक रक्कम अगदी किरकोळ असते. पण दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात तिची बेरीज किरकोळ राहत नाही. हा पैसा विद्यार्थ्यांचा आहे. मागासवर्गीय विद्यार्थ्याच्या वाटच्या काही रकमा शिष्यवृत्तीतून भरल्या जातात, म्हणून त्या पैशावर त्याचा हक्क कमी आहे असे कोणी समजण्याचे कारण नाही. हा पैसा कोणी, कशावर आणि कोणाला विचारून खर्च करायचा? विद्यार्थी परिषदेचा प्रश्न मुळात एवढा साधा आहे. त्याला आपण राजकारण, गुंडगिरी, शिस्त, गुणवत्ता असल्या मोठ्या शब्दांत गुंडाळून ठेवले आहे, आणि त्यामुळे मूळ प्रश्न विचारायचा राहून गेला आहे.

माझ्या पिढीच्या शिक्षकांनी, म्हणजे आज तिशी-पस्तिशीत असणाऱ्यांनी, विद्यार्थी म्हणून कधी मतच दिलेले नाही. माझे पहिले मत मी विधानसभेला दिले. वर्गात कधी दिले नाही. सीआर, एलआर, जीएस, यूआर हे शब्द आम्ही वडीलधाऱ्या प्राध्यापकांच्या गप्पांतून ऐकले. आता मी ज्यांना शिकवते त्यांना तर या अक्षरांचा अर्थही सांगावा लागतो. सीआर म्हणजे वर्गप्रतिनिधी, एलआर म्हणजे विद्यार्थिनी प्रतिनिधी, जीएस म्हणजे महाविद्यालयाचा सरचिटणीस, आणि यूआर म्हणजे विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेवर जाणारा विद्यापीठ प्रतिनिधी. १९७४ साली मुंबई, पुणे, नागपूर, मराठवाडा आणि शिवाजी या विद्यापीठांसाठी स्वतंत्र कायदे झाले. तपशील विद्यापीठागणिक थोडे निराळे असत, पण सर्वसाधारण चित्र असे की पावसाळा संपता संपता महाविद्यालयात मतदान होई, वर्ग आपला प्रतिनिधी निवडी, आणि निवडून आलेल्यांच्या हाती संमेलन, वार्षिक अंक, क्रीडा, वक्तृत्व मंडळ आणि प्राचार्यांच्या दारात उभे राहून भांडण्याचा अधिकार येई.

या शेवटच्या गोष्टीचे मोल आमच्या समाजाच्या दृष्टीने फार मोठे होते. ठराव कसा मांडावा, त्याला अनुमोदक का लागतो, गणपूर्ती म्हणजे काय, इतिवृत्तात काय लिहिले गेले आणि काय वगळले गेले याच्यावर लक्ष कसे ठेवावे, अंदाजपत्रक कसे वाचावे, हे ज्ञान प्रस्थापित वर्गातल्या मुलाला घरीच मिळते. त्याचा काका पतसंस्थेवर असतो, वडील शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर असतात. पहिल्या पिढीत शिकणाऱ्याच्या घरी यातले काही नसते. त्याच्याकडे दोनच शाळा असतात. एक वस्तीतली जयंती उत्सव समिती, जिथे वर्गणीचे पावतीपुस्तक, खजिनदार, हिशेबाची सभा आणि त्या सभेतली कडाक्याची भांडणे असतात. (या समित्यांना हसणाऱ्यांनी त्यांचे हिशेब कधी पाहिलेले नसतात, मी अशा समित्या पाहिल्या आहेत की ज्यांच्या हिशेबाच्या वह्या एखाद्या संस्थेला लाज वाटावी इतक्या स्वच्छ आहेत.) दुसरी शाळा म्हणजे महाविद्यालयातली परिषद. पहिल्या शाळेत आपला माणूस आपल्या माणसांत शिकतो. दुसऱ्या शाळेत त्याला परक्यांकडून मत मागावे लागते, परक्यांच्या पैशाचा हिशेब द्यावा लागतो, आणि आपल्याहून वरचढ समजल्या जाणाऱ्याला भर सभेत हरकतीच्या मुद्द्यावर खाली बसवावे लागते. हे शिक्षण वस्तीत मिळत नाही.

बाबासाहेबांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा तिथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे. जानेवारी १९५० मध्ये या संसदेपुढे बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलावर भाषण केले. देशाचा कायदेमंत्री, जो त्या वेळी खऱ्या संसदेत त्याच विधेयकासाठी झुंजत होता, तो विद्यार्थ्यांच्या संसदेपुढे तोच विषय मांडतो, याचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. मुलांच्या संसदेला त्यांनी लुटुपुटीचा खेळ मानले नाही. पुढे औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात जे वाङ्मयीन वातावरण तयार झाले, त्याची कथा या पानांच्या वाचकांना मी सांगायला नको.

आता दुसरी बाजू. निवडणुकांचा तो काळ सोन्याचा होता असे चित्र रंगवणे हा निव्वळ भाबडेपणा ठरेल. खुल्या निवडणुकीत पैसा होता, मनगट होते, जात तर होतीच. ज्या तालुक्यात साखर कारखाना, बँक आणि महाविद्यालय एकाच घराण्याच्या हाती, तिथे जीएस कोणाचा होणार हे मतदानाआधी ठरलेले असे. विद्यापीठाच्या परिषदेची निवडणूक आली की यूआर पळवले जात. त्यांना गाडीत घालून कुठल्या तरी थंड हवेच्या ठिकाणी नेऊन ठेवायचे आणि मतदानाच्या दिवशीच बाहेर काढायचे, हा प्रकार पुढे आमदार-नगरसेवकांच्या बाबतीत सगळ्या महाराष्ट्राने पाहिला, पण त्याची तालीम विद्यापीठांत झाली होती. अशा आखाड्यात उभ्या राहणाऱ्या दलित विद्यार्थ्याची गत काय होत असेल ते सांगायला नको. गावातला गावकूस वर्गात येत नाही असे मानणाऱ्यांनी वर्गातल्या बाकांची मांडणी कधी पाहिलेली नसावी.

मराठवाड्याचा अनुभव तर याहून गुंतागुंतीचा आहे. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी अग्रभागी होते. वसमतला गोळीबार झाला. प्रदेशावरच्या अन्यायाविरुद्ध उभी राहिलेली ती तरुण शक्ती होती. चारच वर्षांनी, २७ जुलै १९७८ रोजी, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला, आणि गावोगाव दलितांची घरे जळाली. नामांतराच्या बाजूने विद्यार्थी होते, युवक संघटना होत्या, सवर्ण समाजातले काही धैर्यवान तरुणही होते. पण विरोधातल्या बंद-मोर्चांतही महाविद्यालयीन विद्यार्थीच पुढे होते. विद्यार्थी हा आपोआप पुरोगामी असतो, या समजुतीला तेव्हा कायमची मूठमाती मिळाली. म्हणून निवडणुका म्हणजे परिवर्तन असे समीकरण मी मांडत नाही. मतपेटीतून समाज जसा असेल तसाच बाहेर पडतो.

पण पुढे जे झाले ते पाहा. १९८९ साली मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. हिंसाचाराचे कारण पुढे करून १९९३-९४ च्या सुमारास खुल्या निवडणुका थांबवण्यात आल्या. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच वर्षीच्या जुलैपासून महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, १९९४ अमलात आला आणि साऱ्या राज्याला एकच विद्यार्थी परिषद मिळाली, बिनमताची. विद्यापीठाच्या कमानीवर ज्या वर्षी आपले नाव लागले, त्याच वर्षी त्या कमानीच्या आत मत देण्याचा अधिकार गेला. यामागे कोणाचा कट होता असे मी म्हणत नाही. कायद्याची कारणे वेगळी होती. पण इतिहासात या दोन घटना शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि आपण पहिलीचा उत्सव करताना दुसरीची नोंदही घेतली नाही.

१९९४ च्या कायद्याची रचना समजून घेतली पाहिजे, कारण आजही आपल्या डोक्यात तीच रचना बसलेली आहे. परिषदेचे अध्यक्ष प्राचार्य. शिक्षकांतून काही सदस्य. विद्यार्थ्यांतून प्रत्येक वर्गाचा एक, पण तो मागल्या वर्षीच्या परीक्षेत गुणवत्ता दाखवलेला, आणि त्याचे नामनिर्देशन प्राचार्यांकडून. याखेरीज क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, सांस्कृतिक कार्य यांतले चमकलेले विद्यार्थी आणि विद्यार्थिनी प्रतिनिधी, तेही नामनिर्देशित. मागासवर्गीय विद्यार्थी त्यात असावेत अशी तरतूदही होती. मग या सदस्यांनी आपसांत सचिव निवडायचा. प्रत्यक्षात काय होते ते कोणत्याही महाविद्यालयाच्या कार्यालयात दिसेल. परीक्षा विभागाकडून यादी येते, नावे टंकलिखित होतात, प्राचार्यांची सही होते, सूचनाफलकावर कागद लागतो. ज्याचे नाव लागले त्याला अनेकदा ते मित्राकडून कळते.

आता ‘प्रतिनिधी’ या शब्दाचा अर्थ काय? ज्याला पहिला क्रमांक मिळाला तो उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला उत्तरदायी असेल, वर्गाला कसा असेल? वर्गाने त्याला पाठवलेले नाही, वर्ग त्याला परत बोलावू शकत नाही. पावतीवरच्या रकमेचा जाब त्याला कोणी विचारू शकत नाही आणि त्यालाही प्राचार्यांना विचारता येत नाही, कारण त्याची जागा प्राचार्यांच्या सहीवर आहे. प्रतिनिधित्वाचे रूपांतर बक्षिसात झाले. आणि बक्षीस मिळालेला माणूस बक्षीस देणाऱ्याशी भांडत नसतो.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो आपल्याच लोकांकडून येतो. पूर्वी दलित विद्यार्थी निवडून येत नव्हता. आज अनेक वर्गांत पहिली येणारी मुलगी आपल्या वस्तीतली असते. मग गुणवत्तेची पद्धत आपल्या फायद्याची नाही का? शिवाय बाबासाहेबांनीही नामनिर्देशन मागितलेच होते. हे खरे आहे. १९२७ साली मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना त्यांनी विद्यापीठाच्या सिनेटमध्ये मागासवर्गीयांना प्रतिनिधित्व मिळावे असा आग्रह धरला होता, आणि तेव्हाच्या पदवीधर मतदारांकडून ते निवडणुकीच्या वाटेने येणे शक्य नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण त्यांचा एकूण विचार एकत्र ठेवून पाहिला पाहिजे. १९१९ साली साउथबरो समितीपुढील साक्षीपासून त्यांचे म्हणणे हेच की नुसती मते मांडली जाऊन भागत नाही, ती मांडणारी माणसेही त्या त्या समाजातून आली पाहिजेत. आणि त्याहून पुढे जाऊन, त्या माणसाची नाळ त्याला पाठवणाऱ्याशी राहिली पाहिजे. नामनिर्देशन त्यांना चालत होते ते जिथे दुसरी वाट बंद होती तिथे. आणि त्यांनी मागितले ते एका समाजाच्या प्रतिनिधित्वासाठी. १९९४ च्या कायद्यातले नामनिर्देशन कोणत्याही समाजाचे वा वर्गाचे प्रतिनिधित्व करत नव्हते; ते गुणपत्रिकेचे प्रतिनिधित्व करत होते. वस्तीतून पहिली आलेल्या त्या मुलीचे कौतुक मला आहे. पण वसतिगृहाच्या पाण्याचा, अडकलेल्या शिष्यवृत्तीचा, रात्रपाळी करून वर्गात डुलक्या घेणाऱ्या मुलाच्या हजेरीचा प्रश्न मांडायला ती गेली आहे असे कोणी तिला सांगितलेलेच नसते.

दरम्यान दिल्लीहून दुसरे वारे आले. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ साली अहवाल दिला आणि न्यायालयाने त्याच वर्षी तो लागू केला. विद्यार्थी निवडणुका व्हाव्यात, जिथे परिस्थिती नसेल तिथे नामनिर्देशन चालेल पण ते तात्पुरते, असा त्याचा रोख. उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांच्या आत, छापील पोस्टर नाही, हाताने लिहिलेलेच चालेल. गरीब उमेदवाराला हे नियम उपकारक आहेत आणि मी त्यांचे स्वागत करते. पण त्याच यादीत आणखी दोन अटी आहेत ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. उमेदवाराचा त्या वर्षी एकही विषय राहिलेला नसावा, आणि त्याची हजेरी पंच्याहत्तर टक्के, किंवा विद्यापीठाने ठरवली असेल तितकी, असावी. कागदावर या अटी निष्पाप दिसतात. पण बीड-अहिल्यानगरकडच्या महाविद्यालयांत येऊन पाहा. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला जातात, तेव्हा मागे राहिलेल्या धाकट्या भावंडांचे कोण करते? शहरात गॅरेजवर, मॉलमध्ये, कुरिअरच्या गाडीवर काम करून शिकणाऱ्याची हजेरी किती भरते? इंग्रजीत एटीकेटी लागलेला विद्यार्थी वर्गाचे गाऱ्हाणे मांडायला अपात्र का? देशाच्या संसदेत जायला हजेरीपट लागत नाही, महाविद्यालयाच्या परिषदेत जायला लागतो. जो सर्वांत अडचणीत आहे त्यालाच अडचणी मांडण्याच्या जागेवरून बाजूला करणारी ही चाळणी आहे.

मग २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला. १ मार्च २०१७ पासून तो लागू झाला. त्याने निवडणूक परत आणली. अध्यक्ष, सचिव, एक विद्यार्थिनी प्रतिनिधी आणि एक मागासवर्गीय प्रतिनिधी, हे चौघे महाविद्यालयातल्या सर्व विद्यार्थ्यांच्या मतांनी निवडायचे. वर्गप्रतिनिधीही वर्गानेच निवडायचा. आपल्या अनेक कार्यकर्त्यांनी ‘राखीव जागा आली’ म्हणून समाधान मानले आणि पुढचे वाचलेच नाही. पुढे असे आहे की ही एक जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्यात आळीपाळीने फिरायची. हिशेब करून पाहा. गट चार, जागा एक, पदवीची वर्षे बहुतेकांची तीन. म्हणजे एखाद्या महाविद्यालयात कैकाडी किंवा पारधी समाजातला मुलगा प्रवेश घेऊन, शिकून, पदवी घेऊन बाहेर पडेल आणि त्याच्या गटाची पाळी त्या काळात एकदाही येणार नाही, असे घडू शकते. आणि पाळी आली तरी भटक्या-विमुक्तांच्या गटात कोण पुढे येणार हा आणखी वेगळा प्रश्न. चार वेगवेगळे समाज, त्यांचे चार वेगवेगळे इतिहास, आणि त्यांच्यासाठी एक खुर्ची. ‘मागासवर्गीय’ या एका शब्दात सगळ्यांना कोंबण्याची शासनाची ही जुनी खोड आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जागा राखीव, पण मतदार सारे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारापासून आपण या रचनेत राहत आहोत, त्यामुळे तिचे काही वाटेनासे झाले आहे. राखीव जागेवर उभा राहणारा विद्यार्थी आपला असतो, पण त्याला निवडून आणणारी बहुसंख्य मते दुसऱ्यांची असतात. मग पॅनेल करणाऱ्याला सोयीचा, गोड बोलणारा, ‘त्यांच्यातला असूनही चांगला’ असा उमेदवार त्या जागेवर बसतो. वसतिगृहाच्या प्रश्नावर मोर्चा काढणारा बसत नाही. महाविद्यालयात स्वतंत्र मतदारसंघ मागा असे मी म्हणत नाही. वर्गातल्या साठ मुलांत भिंत घालून काही साधणार नाही. पण मग राखीव जागेवरच्या प्रतिनिधीला आपल्या समाजातल्या विद्यार्थ्यांची सभा घेऊन कामाचा अहवाल देणे बंधनकारक असावे, एवढी तरी मागणी करता येईल. आणि एक जागा आळीपाळीने फिरवण्याऐवजी प्रत्येक गटाला स्वतःची जागा, ही तर सरळ मागणी आहे.

अर्थात हे सगळे कागदावरचे. नियम यायलाच वेळ गेला. २०१९ च्या पावसाळ्यात निवडणुकांची तयारी झाली, महाविद्यालयांतून हालचाल सुरू झाली, मग विधानसभेच्या निवडणुका आल्या म्हणून कार्यक्रम पुढे ढकलला गेला. २०२० मध्ये कोरोनाने महाविद्यालयेच बंद पडली. ती पुन्हा उघडल्यावर परीक्षा आल्या, निकाल आले, नवे शैक्षणिक धोरण आले, त्याच्या कार्यशाळा आल्या. निवडणूक तेवढी आली नाही. मोठ्यांच्या निवडणुकीसाठी मुलांची निवडणूक पुढे ढकलावी आणि मुलांनीही ते मुकाट्याने मानावे, यातच मधल्या पंचवीस वर्षांचे फलित दिसते. ज्यांनी मतदान पाहिलेलेच नाही त्यांना ते गेल्याचे दुःख होत नाही.

मात्र उपक्रमांना तोटा नाही. युवक महोत्सव होतात, राज्यभरातल्या विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ होतो, क्रीडेचा ‘अश्वमेध’ होतो, आपत्ती व्यवस्थापनाचे ‘आव्हान’ होते. आमची मुले त्यांत लोककला सादर करतात, पथनाट्ये करतात, बक्षिसे आणतात. मला त्याचा आनंद आहे. वर्तमानपत्रातली महाविद्यालयीन बातमीही तेवढीच असते : कोणी ढाल जिंकली, कोणी वृक्षारोपण केले, प्रमुख पाहुणे कोण होते. पथनाट्यात जातिअंताची घोषणा देणारा मुलगा त्याच आठवड्यात शिष्यवृत्तीचा अर्ज ‘महाविद्यालय स्तरावर प्रलंबित’ दाखवतो म्हणून कार्यालयाच्या खिडकीशी तासभर उभा असतो, ही बातमी होत नाही. परिषदेचे काम आता खुर्च्या मांडणे, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणे आणि छायाचित्र काढणे एवढे उरले आहे.

वार्षिक अंकाबद्दल इथे लिहिलेच पाहिजे. आपल्या कितीतरी लेखकांची पहिली कविता महाविद्यालयाच्या अंकात छापून आली. त्या अंकाला विद्यार्थी संपादक असे, तो निवडून आलेल्यांपैकी किंवा त्यांनी सुचवलेला असे, आणि कविता परत पाठवणाऱ्या प्राध्यापकाशी तो वाद घालू शके. आज बहुतेक अंक ‘विभागीय अहवाल’ आणि ‘प्राचार्यांचे मनोगत’ यांनी भरलेले असतात. विद्यार्थ्याच्या पैशातून निघणाऱ्या अंकात विद्यार्थ्याच्या मजकुराची पाने मोजून पाहावीत. मी मोजते. दरवर्षी कमी भरतात.

परिषदेखेरीज आणखी एक जागा होती, तिचाही विचार केला पाहिजे. दलित पँथरचे तरुण परिषदांतून आले नाहीत. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाचे पँथरशी असलेले नाते सर्वश्रुत आहे. वसतिगृहात मेस सेक्रेटरी मुले स्वतः निवडत. डाळ पातळ का झाली, किराण्याचे बिल कुठे आहे, याच्यावर रात्री अकरापर्यंत सभा चालत. ही विद्यार्थ्यांची खरी राजवट होती. शासनाने २०१६-१७ पासून, ज्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही अशा अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. योजना आली तेव्हा मोठ्या शहरांत वर्षाला साठ हजार, लहान ठिकाणी त्रेचाळीस हजार अशा रकमा ठरल्या. पैसा उपयोगाचा आहे, तो वेळेवर मिळाला पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण वसतिगृह बांधण्याऐवजी खात्यात पैसे टाकले की विद्यार्थी गल्लीबोळातल्या खोल्यांत विखुरतो. चौघे एका खोलीत, डबा बाहेरचा, सभा कोणाशी? रक्कम मिळाली आणि समूह गेला. स्वाधारच्या रकमेत वाढ मागणाऱ्या निवेदनात वसतिगृहांची मागणीही पहिल्या ओळीत असली पाहिजे.

मतपेटी जिथे टिकली तिथे काय झाले? हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशन निवडणुका लढत आली. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मार्च २०२४ मध्ये जवळजवळ तीन दशकांनी दलित विद्यार्थी अध्यक्ष झाला, आणि त्याच निवडणुकीत आंबेडकरी विचाराच्या बाप्सा संघटनेची उमेदवार सरचिटणीस झाली. त्या विद्यापीठांतही छळ आहे, आत्महत्या आहेत, रोहित वेमुलाचा जानेवारी २०१६ कोणी विसरलेले नाही. पण तिथे प्रश्न विचारणारी संघटित विद्यार्थीशक्ती आहे. ज्या राज्याने बाबासाहेबांना घडताना पाहिले, त्या राज्याच्या विद्यापीठांत असे नेतृत्व उभे राहण्याची वाटच बुजवली गेली.

निवडणुकांचा आदेश निघेपर्यंत काही गोष्टी करता येतात, आणि त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. अनुदानित महाविद्यालये माहिती अधिकार कायद्याच्या, म्हणजे २००५ च्या कायद्याच्या, कक्षेत येतात. मागल्या तीन वर्षांत जिमखाना, संमेलन, वार्षिक अंक आणि विद्यार्थी कल्याण या शीर्षांखाली किती रक्कम जमा झाली, किती खर्च झाली, विद्यार्थी परिषदेच्या सभा कोणत्या तारखांना झाल्या आणि इतिवृत्ताची प्रत, एवढे चार प्रश्न विचारणारा अर्ज एका पानात मावतो. विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाने करू नये. प्रात्यक्षिकाचे गुण कोणाच्या हाती असतात हे आपल्याला ठाऊक आहे. माजी विद्यार्थ्याने करावा, पालकाने करावा. वर्गांनी आपापली सभा घेऊन आपला प्रतिनिधी अनौपचारिकपणे निवडावा आणि तसे पत्र प्राचार्यांना द्यावे. ते मान्य होणार नाही, पण नोंद होईल.

दुसरे काम पदवीधरांचे आहे. विद्यापीठाच्या सिनेटवर नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा आहेत. त्यांतल्या पाच खुल्या; उरलेल्या पाच अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक. इथेही मतदार सारे, आणि मतदार म्हणजे ज्याने अर्ज करून नाव नोंदवले तेवढाच. मुंबई विद्यापीठाच्या सप्टेंबर २०२४ च्या पदवीधर निवडणुकीत मतदारयादीत सुमारे तेरा हजार नावे होती. लाखो पदवीधर बाहेर पडलेल्या विद्यापीठात तेरा हजार! २०१८ मध्ये युवासेनेने आणि २०२४ मध्ये उद्धव ठाकरे यांच्या पक्षाच्या युवासेनेने दहाच्या दहा जागा जिंकल्या, राखीव पाचही त्यांत आल्या. निवडून आलेल्यांच्या लायकीविषयी माझे काही म्हणणे नाही. त्यांनी घरोघर जाऊन अर्ज भरून घेतले, आपण घेतले नाहीत. नोंदणीची सूचना निघते, ती विद्यापीठाच्या फलकावर आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते, मुदत संपते. आपल्या वस्त्यांत आता घरटी एक-दोन पदवीधर आहेत. पदवीचे प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलेले असते. त्याची प्रत काढायची, अर्जाला जोडायची आणि मुदतीच्या आत विद्यापीठात पोचवायची, हे काम जयंती समितीच्या कार्यकर्त्यांनी वर्गणीच्या फेरीतच उरकले तरी चालण्यासारखे आहे.